कमीपणा घेण्याचे धैर्य



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारच्या मिस्साच्या वेळी विनंत्या वाचण्यासाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका बाईंच्या हाती कागद दिला. चष्मा घरी राहिला, असे त्या म्हणाल्या. पुढच्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या वेळी आम्ही सर्वांसमोर थट्टेने विचारले की, तुमचा चष्मा चर्चला कधी येणार? लोक हसले. त्याही हसल्या. त्यानंतरचे दोन रविवार त्या दिसल्या नाहीत. मग कोणीतरी हळूच आमच्या कानावर घातले की त्यांना वाचता येत नाही. इतकी वर्षे त्यांनी जे झाकून ठेवले होते, नेमके त्यावरच आम्ही चारचौघांत बोट ठेवले होते.

त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागायला हवी, हे आम्हाला त्याच दिवशी कळले. पण जायला आठ दिवस लागले. क्षमेवर प्रवचन करणे आम्हाला कधी जड गेले नाही. एका घराच्या उंबरठ्यावर उभे राहून आमचे चुकले असे म्हणणे मात्र फार जड गेले. त्या आठ दिवसांत आम्ही कपाटातले एक जुने पुस्तक पुन्हा वाचायला काढले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्यांच्या आयुष्यातील बराच काळ आपल्याच जिल्ह्यात, नगर आणि राहुरी या गावी गेला. आज त्यांच्याविषयी थोडे लिहावे असे वाटते.

लक्ष्मीबाई आपल्या कॅथलिक धर्मसभेतल्या नव्हत्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. तरीही टिळकांची भजने आपल्या कित्येक वाडी-वस्तीवरच्या प्रार्थनेत आपण गातोच. आपल्या विभक्त ख्रिस्ती बांधवांमध्ये जे जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आनंदाने ओळखावे, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दिली. लक्ष्मीबाई हे असेच एक धन आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आजोळावर १८५७ च्या बंडात मोठा घाला पडला होता. त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, की आंघोळ. अशा घरात मूल काय शिकते? बाहेरचे जग विटाळलेले आहे आणि आपण सदैव जपून, अंग चोरून राहायचे, हेच शिकते. सोवळ्याचा नियम डोक्यात बसण्याआधी त्याची भीती हातापायांत बसते. मनूच्याही ती बसली.

अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. नवरा विद्वान, कवी, मनाने फार मोठा आणि तितकाच तापट. हाती आलेला पैसा टिकायचा नाही. समोर गरजू दिसला की दिला. मनात आले की घर सोडून कुठेतरी निघून जायचे. मुक्काम आज या गावी, उद्या त्या गावी. सासरे कडक. शाळेची पायरी न चढलेल्या या मुलीला लिहायला-वाचायला शिकवले ते टिळकांनीच. शिकवणाऱ्याला धीर कमी आणि शिकणारीला भीती जास्त. ती शिकवणी कशी झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थांबले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण आपण क्षणभर लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहू या. नवरा जिवंत असून घर मोडले. पदरात लहानगा दत्तू. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने दिवस काढायचे. लोकांची कीव आणि लोकांची बोलणी, दोन्ही सोसायची. नवऱ्याचा राग येतो आणि त्याची ओढही तुटत नाही. या काळात त्या कविता करू लागल्या. दुःख कोणापुढे तरी उघडे करायला हवे होते. त्यांनी ते ओव्यांपुढे केले.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या. टिळक त्या वेळी नगरच्या मिशनमध्ये धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांच्याबरोबर त्यांचे सोवळेही आले. चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो त्याच्याच हातचे चालत नाही, असा तो संसार. येथे आपण टिळकांनाही श्रेय दिले पाहिजे. एरवी इतका तापट माणूस या एका बाबतीत थांबून राहिला. धर्माची जबरदस्ती त्यांनी केली नाही.

पुढे जे घडले त्यात ना काही चमत्कार, ना गर्दी, ना भाषण. एके दिवशी घरात एकट्याच बसलेल्या असताना लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला. हा जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता तर त्याने माणसांच्या शरीरांत वेगळेपण ठेवले असते, जसे पशुपक्ष्यांच्या जातींत ठेवले आहे. पण सगळी माणसे तर सारखीच जन्मतात आणि सारखीच मरतात. विचार करता करता त्यांचा निश्चय झाला की हा भेद माणसाचाच, आणि आजपासून आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. ग्रंथ वाचून नव्हे, कोणी वादात हरवले म्हणून नव्हे. एका कमी शिकलेल्या बाईने आपल्या घरात बसून स्वतःलाच प्रश्न विचारला आणि त्याचे खरे उत्तर दिले.

बंधू-भगिनींनो, निश्चय एका संध्याकाळी होतो. पण लहानपणापासून अंगात मुरलेली भीती एका संध्याकाळी जात नाही. डोके हो म्हणते आणि हात मागे येतो. म्हणून आम्हाला वाटते, लक्ष्मीबाईंचे खरे धैर्य त्या निश्चयात जितके होते, त्याहून अधिक ते नंतरच्या रोजच्या घोटांत होते. पाणी पिणे ही केवढीशी गोष्ट! पण ज्याच्या हातचे पाणी मी घेतो, त्याच्यापुढे मी माझी तहान कबूल करतो. मला तुझी गरज आहे, असे न बोलता सांगतो. उच्च म्हणून वाढलेल्या माणसाला देणे सोपे जाते, घेणे अवघड जाते.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आपले प्रभू येशू हेच करताना दिसतात. दमूनभागून ते याकोबाच्या विहिरीच्या काठावर बसले आहेत. शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोकांचा शोमरोन्यांशी व्यवहार नसे. प्रभूला तिला पुष्कळ काही द्यायचे आहे, पण ते सुरुवात मागण्यापासून करतात. आधी ते तिच्याकडे पाणी मागतात. देवाच्या पुत्राने तिच्यापुढे कमीपणा घेतला, म्हणून ती बोलू लागली.

१९०० साली, म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे आयुष्य सुखाचे झाले असे नाही. पैशाची ओढाताण तशीच. घरात मात्र माणसांची वर्दळ. कोणी अनाथ मूल येई, कोणी विद्यार्थी येई. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. प्लेगच्या दिवसांत लोक घरे सोडून पळत होते, तेव्हा लक्ष्मीबाई आणि टिळक आजाऱ्यांच्या सेवेसाठी पुढे झाले. जिला लहानपणी स्पर्शाचे भय शिकवले होते, तीच आता सगळे जग ज्यांना शिवायला भीत होते त्या रोग्यांजवळ बसली. हे धैर्य त्या दिवशी अचानक आकाशातून पडले नव्हते. आधी कितीतरी दिवस ते पाण्याच्या भांड्यात थेंबाथेंबाने साठत होते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला गेला. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसाच धैर्याची कृत्ये करता करता तो धीट होतो. आधी धैर्य येईल आणि मग मी काही करीन, अशी वाट पाहणारा वाटच पाहत राहतो. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात आणखी एक गोष्ट सांगितली. धैर्याचे मुख्य काम चालून जाणे हे नव्हे, तर टिकून राहणे, सोसणे हे आहे. तेव्हा आम्ही परीक्षेसाठी हे पाठ केले होते. त्याचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या चरित्रात अधिक चांगला कळतो.

याच काळात तिकडे फ्रान्समध्ये लिझ्यूच्या मठात संत तेरेजा आपल्या छोट्या मार्गाविषयी लिहीत होत्या. ज्या १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी त्यांनी वरिष्ठांच्या आज्ञेवरून आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. या दोन स्त्रियांना एकमेकींची वार्ताही नव्हती. एक मठात, एक संसारात. पण आपला लहानपणा देवापासून आणि माणसांपासून लपवायचा नाही, ही वाट दोघींनाही सापडली.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूच्या जीवनावरचे महाकाव्य त्यांनी लिहायला घेतले होते. त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय होऊ शकले. आता ते पुढे कोण नेणार? मराठीत कवी पुष्कळ होते. पण पन्नाशी ओलांडलेल्या, शाळा न पाहिलेल्या विधवेने ते काम अंगावर घेतले. पतीच्या नावापुढे आपली ओळ फिकी पडेल, लोक तुलना करतील, हसतील, हे त्यांना कळत नव्हते काय? कळत होते. तरीही त्यांनी साठहून अधिक अध्याय रचून ते महाकाव्य पूर्ण केले. एका बैठकीत नव्हे, वर्षानुवर्षे, जमेल तसे.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून मुलाने, देवदत्ताने, आईला लिहायला लावले. १९३४ पासून हे पुस्तक चार भागांत प्रसिद्ध झाले. आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात मोठे शब्द नाहीत. आपली फजिती त्या जशीच्या तशी सांगतात. आपले अज्ञान, आपले रुसवे, आपली भीती, नवऱ्याशी झालेली भांडणे, स्वयंपाकघरातले गोंधळ, काहीही लपवत नाहीत. टिळकांना त्यांनी देवाच्या पायरीवर बसवले नाही आणि स्वतःला साध्वीच्या आसनावर बसवले नाही. वाचणारा हसतो, पण त्यांना हसत नाही, त्यांच्याबरोबर हसतो. ज्याने आपला कमीपणा स्वतःच सांगून टाकला, त्याचा अपमान दुसरा कसा करणार?

शाळेत न गेलेली ही बाई पुढे मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्षा झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कविता ‘भरली घागर’ या नावाने पुढे १९५१ साली पुस्तकरूपाने आल्या. पाण्याशी झुंजलेल्या या बाईच्या पुस्तकाला हे नाव किती शोभते!

आता आपल्याकडे वळू. आपला जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. आपली मुले शिकली, पुण्या-मुंबईला गेली, काही परदेशीही गेली. पण आपल्यातील भीती गेली का? कर्ज झालेला शेतकरी बायकोलाही खरा आकडा सांगत नाही. मुलगा परीक्षेत नापास झाला तर घरचे लोक प्रार्थनेला येणे बंद करतात, कोणी विचारील म्हणून. दारू सुटत नाही हे ज्याला सर्वांत जास्त ठाऊक असते, तोच ते सर्वांत मोठ्याने नाकारतो. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही धर्मगुरूंनी बोलायलाच हवी. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या आपल्यापैकी काहींची पावले काही घरांपाशी अजून अडखळतात. मुलांच्या सोयरिकीच्या वेळी जुना हिशेब हळूच बाहेर निघतो. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या मातीत स्वतःला विचारलेला प्रश्न आपण बाप्तिस्मा घेऊनही स्वतःला पुरता विचारलेला नाही.

सगळे एकदम बदलेल असे आम्ही म्हणत नाही. लक्ष्मीबाईंचेही एकदम बदलले नाही. पण एक घोट आज घेता येतो. जी गोष्ट येत नाही, ती येत नाही असे एकदा तरी म्हणावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे एखादी लहानशी मदत मागावी. विळा, शिडी, मोटारसायकलवरून गावापर्यंत सोडणे, काहीही. मागितल्याने माणूस जवळ येतो. ज्या घरी आपण कधी बसलो नाही, त्या घरी जाऊन पाणी प्यावे आणि चहा होईपर्यंत थांबावे. पापनिवेदनाला येताना वर्षानुवर्षांची तीच पाठ केलेली यादी न म्हणता, जे सांगायची लाज वाटते ते एक सांगावे. मात्र एक सांभाळावे. कोणी आपल्यापुढे मन उघडे केले तर ते गावभर होता कामा नये, आणि त्याची थट्टा तर मुळीच होता कामा नये. ज्या समाजात उघड्या मनावर दगड पडतात, त्या समाजात लोक चष्मा विसरतातच.

नवव्या दिवशी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. बोलायचे ठरवून गेलो होतो ते सगळे विसरलो. आमचे चुकले एवढेच कसेबसे म्हणालो. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग आत जाऊन पाणी घेऊन आल्या. पुढच्या रविवारी त्या चर्चला आल्या. त्या वाचन करतात का, असे कोणी विचारील. नाही, करत नाहीत. मात्र आता आम्ही विनंती हळू आवाजात सांगतो, त्या ती पाठ करतात आणि माइकसमोर येऊन न पाहता म्हणतात. परवा मध्येच एक ओळ विसरल्या. थांबल्या, आमच्याकडे वळून पाहिले आणि भर चर्चमध्ये पुढचे शब्द विचारले. कोणीही हसले नाही.

त्या क्षणी आम्हाला वाटले, आज धैर्यावर वेगळे प्रवचन करण्याची गरज उरलेली नाही.

हे प्रभो, तू विहिरीच्या काठावर बसून पाणी मागितलेस. आम्हालाही मागायला शिकव, चुकलो म्हणायला शिकव, आणि जो आमच्याकडे मागेल त्याला न हसता द्यायला शिकव. आमेन.

तुमचे धर्मगुरू